जामिनातला काना

पनवेलमध्ये पूर्वी ऑक्टोबरात भात आणि कार्यक्रम एकदमच तयार व्हायचे. आता नुसते कार्यक्रम होतात. गणपती-नवरात्र आटोपलेलं असतं, मंडपवाले मोकळे असतात, शाली घाऊक भावात मिळतात आणि दिवाळीच्या आत कोणाचा ना कोणाचा सत्कार उरकून घ्यायचा असतो. यंदा आलेली पत्रिका जाड कागदाची, सोनेरी काठाची होती. लग्नाची असेल म्हणून मी आधी मुलाचं नाव शोधलं. ते सापडेना, तेव्हा वरच्या ओळीत 'सामाजिक न्याय' दिसलं. समाजशास्त्र आणि फौजदारी न्याय असा जोड अभ्यासक्रम एका कॉलेजात सुरू होत होता. उद्घाटक नारायणशेट. माझं नाव खाली, 'प्रमुख उपस्थिती' या सदरात. उपस्थित राहण्यापलीकडे ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा नसते, त्यांच्यासाठी हे सदर काढलेलं असावं.

पत्रिका हातात घेऊन गॅलरीत उभी राहिले. ऊन तेच होतं. दुपारी डोक्यावर निखारा आणि संध्याकाळी खाडीकडून येणारा वारा, ज्यात मीठ असतंच. फक्त त्या वाऱ्यात पूर्वी भाताचा वास मिसळलेला असायचा. पिकलेल्या भाताचा वास भुकेच्या वासासारखा असतो, नाकाला कळायच्या आधी पोटाला कळतो. गावातल्या गिरण्या सुरू झाल्या की कोंडा उडून एसटी स्टँडवरच्या कंडक्टरांच्या टोप्यांवर बसायचा. पळस्प्याच्या फाट्यापासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं. तो पिवळा रंग आठवला की मला आनंद व्हायला हवा. मला लाज वाटते. इतकी वर्षं झाली, ऑक्टोबर आला की मला लाज वाटते, दमेकऱ्याला थंडीत दम लागावा तशी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते. 'गुन्हा आणि समाज' हा माझा आवडता पेपर. आमचा सात-आठ जणांचा अभ्यासगट दर रविवारी पनवेलच्या वाचनालयाच्या माडीवर भरायचा, आणि त्याला मार्गदर्शन करायला मुलुंडहून सर यायचे. सरांना आम्ही मागून 'संरचना सर' म्हणायचो. त्यांची बस चुकली तरी त्याला संरचना जबाबदार असायची. गुन्हेगार जन्मत नाही, संरचना त्याला घडवते. तुरुंग ही इमारत नसून संबंधांची मांडणी आहे. हे सगळं खरं होतं आणि अजूनही आहे. पण ऐकताना आम्हाला वाटायचं, की हे कळल्यामुळे आपण त्या मांडणीच्या बाहेर, जरा उंचावर, माडीवर वगैरे आहोत.

शहराबाहेर तेव्हा नवं शहर वसवायचं चाललं होतं. गावंच्या गावं कागदावर सरकारजमा झाली होती. पण ताबा घ्यायला कोणी आलेलं नसलं की लोक आपले नांगरत, लावत, कापत राहायचे. सातबारा सरकारच्या नावावर आणि भात ज्याचं त्याचं. सरांनी आम्हाला अशाच एका गावात पाहणीला पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. ते आता एका टॉवरला दिलंय आणि तिथल्या सोसायटीला उगाच त्रास नको.

तिथे कमळूदादा भेटला. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला पांढरा पंचा. आमच्या प्रश्नावलीवर तो मनापासून हसायचा. 'आपणांस व्यवस्थेबद्दल काय वाटते?' या प्रश्नावर त्यानं विचारलं होतं, "कंची यवस्था? जेवनाची?" त्याची बायको हिराबाय ओटीवरून म्हणाली, "जेवनाची यवस्था बोंबलाची हाय. बसा." आम्ही बसलो आणि जेवलो. उत्तराच्या जागी मी काय लिहिलं ते आठवत नाही. बोंबील आठवतात.

त्याच महिन्यात आमच्या गटानं पाहणीवर एक परिसंवाद ठरवला आणि बॅनर रंगवायचं काम माझ्याकडे आलं. पांढऱ्या मांजरपाटावर, तांबड्या ऑइल पेंटनं, मी वाचनालयाच्या गच्चीत उकिडवी बसून अक्षरं काढली: 'जमीन आमच्या हक्काची'. असं मला वाटलं. वाळल्यावर खाली टांगला तेव्हा सर अतिशय थंडपणे म्हणाले, "तुमची जमीन गेली नाही, तरी तुम्ही जामीन मागताय." मी 'जामीन' लिहिलं होतं. ज ला काना. डोक्यात 'गुन्हा आणि समाज'चं वाचन होतं, हात तिकडे वळला. गट खिदळला. कोणीतरी म्हणालं, निदान 'हक्काचा' तरी लिहायचं, लिंगही गेलं. सरांनी पांढरा रंग मागवला आणि मी सर्वांसमोर शिडीवर चढून तो काना पुसला. काना पूर्ण पुसला गेला नाही. पांढऱ्याखाली गुलाबी उभी रेघ दिसत राहिली, चेहऱ्यावर उमटलेल्या बोटासारखी.

तेव्हा वाटलं, याहून मोठी लाज नसते. चांगल्या घरातल्या मुलींना असं वाटत असतं.

परिसंवाद व्हायच्या आधीच मोजणीवाले गावात गेले. कमळूदादाच्या शेतात, उभ्या भातात, त्यांनी खुंट्या ठोकायला घेतल्या. लोक जमले, आरडाओरडा झाला. कमळूदादानं एक खुंटी उपटली आणि ती उपटताना त्याचा हात एका साहेबाच्या शर्टाला लागला. बाकीच्यांना संध्याकाळी समज देऊन सोडलं. शर्टाला हात लागलेल्या माणसावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी हिराबाय आमच्या घरी आली. पायरीवरच बसली, आत येईना. तिनं रडणं वगैरे काही केलं नाही. भात झडायला आलंय, एवढंच सांगितलं. त्यांचं तांबडं भात खाडीकाठच्या खारपट्टीतलं होतं. ते पिकलं की वाट बघत नाही, दाणा आपोआप चिखलात गळतो. सरकार पुढच्या वर्षी पेरू देईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. हे शेवटचं पीकही असू शकत होतं. ते कापायला हिराबाय एकटीही कमी नव्हती, पण नवरा कोठडीत आणि ती शेतात, असं तिला चालणार नव्हतं. "तो असल्याबिगर मी इळा नाय लावायची," ती म्हणाली. "तुमी कायद्याचा शिकताव ना, बाय? मंग आना त्याला."

मी आणते म्हणाले. फार सोपं वाटलं होतं मला. त्याला जामीन मंजूर करून घ्यायचा. तो माझ्या पेपरातला चौथा प्रश्न होता आणि मला त्यात चांगले मार्क होते.

जामीन मंजूर झालाही. ओळखीच्या एका वकिलानं चहा संपायच्या आत ते काम केलं. मग कळलं, की जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीन मिळणं वेगळं. मराठीत हा शब्द मोठा लबाड आहे. सुटका म्हणजेही जामीन आणि ती सुटका करणारा माणूस म्हणजेही जामीन. सुटकेचा कागद तयार होता, माणूस हवा होता. आणि माणूस म्हणजे ज्याच्या नावावर काही आहे तो. गावातले सगळे पुरुष कोर्टाच्या आवारात आले होते. धुतलेले सदरे घालून, ओळीनं उभे. एकेकाला कारकून विचारत होता, सातबारा? एकेक जण मान हलवत होता. सातबारे सरकारकडे होते. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीवर उभं असलेलं आख्खं गाव, आणि त्यात एकही माणूस कोर्टाच्या लेखी माणूस नव्हता. कोणीतरी पुटपुटलं, "जमीन नाय, तर जामीन कठला?" मला तो पुसलेला काना आठवला.

मग आत न्यायाधीशांसमोर मी पुढे झाले. वकिलानं माझी बाही ओढली होती, तरी झाले. मी जामीन राहते, म्हणाले. कारकुनानं विचारलं, सातबारा? नाही. घरपट्टीची पावती? माझ्या नावावर नाही. मग नावावर काय आहे?

"मी समाजशास्त्रात एम.ए. करते," मी म्हणाले.

आतले वकील हसले. दारातला शिपाई हसला. गावातलं मात्र कोणी हसलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात एक प्रकारची ओळख होती. अरे, हीपण आपल्यातलीच की, हिच्याही नावावर काही नाही. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सौम्यपणे सांगितलं, "चांगलं आहे, बाई. बसा."

मी अजूनही कधी कधी त्या 'बसा'वर बसलेली असते.

संध्याकाळी सरांना फोन लावला. त्यांचा मुलुंडला स्वतःचा फ्लॅट होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की संशोधकानं एका व्यक्तीच्या प्रकरणात गुंतलं की वस्तुनिष्ठता जाते. एक कमळू सुटल्यानं संरचना बदलत नाही. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. पावसात छत्री मागावी आणि समोरच्यानं ढग कसे बनतात ते बिनचूक सांगावं, तसं होतं ते. गटातल्या इतरांनीही घरी विचारलं. कोणाचे काका म्हणाले कागदपत्रं बँकेत आहेत, कोणाची आई म्हणाली बहिणीचं लग्न होऊ दे. सगळ्यांची कारणं खरी होती. एखाद्यानं तरी सरळ नाही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

राहिले आमचे अण्णा. अण्णा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. कायद्यापुढे सगळे समान, हे त्यांनी अर्ध्या पनवेलकडून घोकून घेतलं होतं. आम्ही त्या घरात माझ्या जन्माआधीपासून राहत होतो. परसात शेवगा, पुढे ओटा, दारावर अण्णांच्या नावाची पितळी पाटी, जी आई दर दसऱ्याला चिंचेनं घासायची. मी सरळ घरपट्टीची पावती मागितली. मागताना थोडं भाषणही केलं, कारण तेव्हा मला भाषणाशिवाय काही मागता येत नसे. तुम्ही वर्गात जे शिकवता ते, वगैरे.

अण्णा शेंगा सोलत होते. सोलत राहिले. मग म्हणाले, "घर आपलं नाही गं. भाड्याचं आहे."

आई आत भांडी घासत होती, तो आवाज थांबला. पाटी आपली आहे, अण्णा म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. त्यांनी मला ते मुद्दाम लपवलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. गावात मास्तरांना मान होता, वाण्याकडे पत होती, लग्नात पहिल्या पंगतीला पाट होता. त्या सगळ्याखाली जमीन नाही, हे मोठ्यानं म्हणायची वेळच आली नव्हती. ती मी आणली. न्यायासाठी आणली, हे माझं म्हणणं. पण वयाची पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याच्या मुलीनं शेंगा सोलता सोलता उघडं केलं, हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना अण्णांनी पाटीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, म्हणून मला माहीत.

लाजेला मराठीत पुष्कळ शब्द आहेत. लाज, शरम, संकोच. खजील होतात, वरमतात. अण्णा आणि मी दोघंही त्यानंतर बरेच दिवस जे करत होतो, त्याला ओशाळणं म्हणतात. काही चूक केलेली नसते. फक्त समोरच्याला आपण दिसलेलो असतो.

शेवटी ज्याच्याकडे जायचं नव्हतं त्याच्याकडे गेले. नारायणशेट त्याच गावचा. जमिनी जाणार ही कुणकुण त्याला सरकारच्याही आधी लागली होती म्हणतात. त्यानं आपली वेळेत विकली होती आणि हायवेकडची, संपादनात न येणारी, दुसऱ्यांची घेतली होती. आमच्या परिसंवादाच्या टिपणात 'दलाल भांडवलाचा स्थानिक प्रतिनिधी' असा त्याचा उल्लेख होता. तो प्रतिनिधी बनियनवर झोपाळ्यावर बसून पपई खात होता. मला खुर्ची दिली, फोड दिली. सगळं ऐकून घेतलं.

"तुमी बाय चार इयत्ता जास्ती शिकल्या," तो म्हणाला. "पन कोरटाला मानूस नाय लागत. सातबारा लागतो. मानूस काय, मिलतो."

माझ्या पेपरात हे वाक्य जास्त कठीण शब्दांत होतं. तो उठला, सदरा चढवला, कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यासोबत निघाला. बदल्यात काय हवं, ते बोलला नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल, याची भीती होती.

त्याला बघून कारकून उठून उभा राहिला. काम झालं. फक्त सोडताना एक अट घातली होती आणि ती कमळूदादाला समजावून सांगायला वकिलानं मला पुढे केलं. सदर मिळकतीत आरोपीने खटल्याचा निकाल लागेपर्यंत प्रवेश करू नये. मी वाचून दाखवलं. तो बघत राहिला. मी सोप्या भाषेत सांगितलं, की केस संपेस्तोवर त्या शेतात पाय ठेवायचा नाही, ठेवला तर पुन्हा आत.

"आनि कापनी?" त्यानं विचारलं.

चार इयत्ता जास्त शिकलेली मी तो कागद पुन्हा वाचून पाहू लागले. नारायणशेटच म्हणाला, "तू बांदावर बस. कापतील बाकीची."

जमीन सोडली तर जामीन. मला आता कोणी विचारलं, की फौजदारी न्याय म्हणजे काय, तर मी त्या दुपारचं सांगेन. कोणी विचारत नाही. प्रमुख उपस्थितीला प्रश्न नसतात.

कापणी झाली. थोडा दाणा चिखलात गेला होता, बराचसा वाचला. आमचा गटही गेला, सरांना न सांगता. तो बांधही मिळकतीत येतो असं वकिलाचं मत पडल्यामुळे कमळूदादा त्याच्याही पलीकडे, रस्त्यावर, मैलाच्या दगडावर बसला होता आणि तिथून ओरडून सांगत होता. आम्हाला विळा धरता येत नव्हता. "मास्तरची पोर केस कापते का भात?" असं तो म्हणाला आणि बायका हसल्या, मीही हसले. हिराबाय पुढे कापत होती. प्रत्येक पेंढी बांधली की ती वर उचलून रस्त्याकडे दाखवायची. तो मान हलवायचा, तेव्हा ती खाली ठेवायची. नवऱ्याशिवाय विळा लावायचा नाही, हा तिचा शब्द तिनं असा पाळला. तो पिवळा रंग, त्यातून वर येणारे तिचे हात आणि दूर दगडावर बसून आपल्याच शेताचा पाहुणा झालेला माणूस. आम्ही मुलं घामानं भिजलो आणि आपण फार काही केलं असं मानून वडापाव खायला पळस्प्याला गेलो.

पुढच्या ऑक्टोबरात तिथे भात नव्हतं. भोवती तारा होत्या. मात्र आतल्या चिखलात झडलेला दाणा न पेरता उगवला होता, तुरळक, तांबूस. तो कापणं ही चोरी ठरली असती. पाखरांनी खाल्ला. पाखरांना अट नव्हती.

मग मी नोकरीला लागले, बदल्या झाल्या, संरचना शिकवत राहिले. सरांचा आणि माझा आवाज वर्गात इतका सारखा येऊ लागला, की कधी कधी मधेच थांबून पाणी प्यावं लागे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात लोकांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, तेव्हा कमळूदादानं आपला नारायणशेटला दिला. शब्द होता म्हणे. कोणी कोणाला, केव्हा दिला, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

यंदाच्या कार्यक्रमात नारायणशेट छान बोलले. 'शेट' आता 'साहेब' झालेत, 'हाय-नाय'चं 'आहे-नाही' झालंय. त्या काळी चळवळीला पहिला जामीन आपण राहिलो, असं त्यांनी सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं काय होतं त्यात? माझ्या वाट्याच्या पाच मिनिटांत मी समोरच्या मुलांना विचारणार होते, की तुमच्यापैकी कोणाच्या नावावर काय आहे. त्यांचे ते इस्त्रीचे कपडे आणि गळ्यातली ओळखपत्रं बघून धीर झाला नाही. शुभेच्छा दिल्या.

कमळूदादाला 'ज्येष्ठ आंदोलक' म्हणून शाल मिळाली. हिराबाय आता नाही. त्याला कमी दिसतं. संपल्यावर मी म्हटलं, घरापर्यंत येते. पुतण्यानं बांधलेल्या खोलीत तो राहतो, जुन्या गावठाणात. रिक्षा नको म्हणाला. आम्ही चालत निघालो आणि गावाचं नाव लावलेला तो टॉवर आला. समोर सरळ सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, पलीकडे लगेच गावठाण. कमळूदादा मात्र डावीकडे वळला, नाल्याच्या कडेनं, खड्ड्यांतून. त्या वयात, त्या डोळ्यांनी. मी म्हटलं, दादा, इथून सरळ आहे ना?

"यातून आपल्याला बंदी हाय," तो म्हणाला. "तूच तं वाचून दाखवलंस."

मी उभी राहिले. रस्ता त्याच्याच शेतावरून गेला होता. ती केस केव्हाच संपली होती. साहेब बदलून गेला, साक्षीला कोणी आलं नाही, हा सुटला. अट त्याच दिवशी आपोआप संपली. आपोआप संपते, म्हणून कोणी सांगत नाही. कोर्टानं सांगितलं नाही, वकिलानं नाही. वाचून दाखवणारीनं नाही. मी त्याला तिथंच, नाल्याच्या कडेला, सगळं समजावून सांगितलं. शुद्ध मराठीत, मग सोप्या भाषेत. आता जाता येतं, दादा, कधीचंच येत होतं.

त्यानं ऐकून घेतलं. खांद्यावरची शाल सारखी केली. टॉवरच्या दिव्यांकडे मान वर करून बघितलं, तसंच, जसं तो रस्त्यावरून पेंढी बघायचा.

"आता काय कापाला जाऊ?" तो म्हणाला, आणि नाल्याच्या कडेनं चालू लागला.

मी त्याच्या मागून गेले. सरळ रस्ता मलाही नको होता.